जुनी मोटार पेट्रोल अधिक कां खाते? कार्बुरेटरची तपासणी व दुरुस्ती

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची एखादी फियाट किंवा जीप अद्याप उभी आहे. उसाच्या किंवा कांद्याच्या एखाद्या चांगल्या वर्षीं ती घेतलेली असते. मागाहून नवी गाडी आली तरी ही विकवत नाहीं. परंतु अशा गाडीबद्दल एक तक्रार सर्रास ऐकूं येते. ती पेट्रोल फार खाते, मागून काळा धूर सोडते, आणि एकदां तापून बंद झाली कीं चटकन पुन्हां चालू होत नाहीं. मिस्त्रीकडे नेली कीं तो कार्बुरेटरचा एक स्क्रू फिरवून देतो, चार दिवस बरें वाटतें, आणि पांचव्या दिवशीं मूळचेंच रडगाणें सुरू होतें. असें कां होतें व खरा उपाय कोणता, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचें योजिलें आहे.

उदाहरणादाखल आम्हीं प्रीमियर पद्मिनी ही गाडी व वांद्रें हें ठिकाण घेतलें आहे. ही गाडी वांद्र्याच्या शेजारीं कुर्ल्यास, १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत तयार होत असे. १९६४ सालीं निघालेली फियाट ११०० डिलाइट हीच पुढें पद्मिनी ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. इंजिन चार नळ्यांचें, १,०८९ घन सेंटिमीटरचें. त्यावर एकच कार्बुरेटर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या परिचयाची होती. त्या टॅक्सींची वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटचीही रस्त्यावरून गेली. खाजगी गाड्या मात्र अजून पुष्कळ आहेत. वांद्रें घेण्याचें कारण असें कीं, तें ऐन समुद्रकांठीं वसलेलें आहे, तेथील हवा दमट आहे, आणि नाबार्डची मुख्य कचेरीही तेथेंच असल्यामुळें आपल्यापैकीं कित्येकांचें घाटावरून तेथें जाणेंयेणें असतें. समुद्रसपाटी व घाटमाथा ह्यांमधील फरक कार्बुरेटरास कसा जाणवतो हें पुढें दिसून येईल.

मिश्रण दाट होणें म्हणजे काय?

इंजिन पेट्रोलावर चालतें असें आपण म्हणतों. परंतु तें जितकें पेट्रोल घेतें त्याच्या कितीतरी पट हवा घेतें. वजनानें एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें १४.७ भाग हवा लागते. मापानें पाहिल्यास एक लिटर पेट्रोलास जवळजवळ नऊ हजार लिटर हवा पुरवावी लागते. ह्या प्रमाणापेक्षां हवा कमी पडली म्हणजे मिश्रण दाट झालें, व अधिक झाली म्हणजे पातळ झालें असें समजावें. चढणीवर ओढ हवी असतां बारा-तेरा भाग हवेचें थोडें दाट मिश्रण योग्य असतें. तेंच दाट मिश्रण जर मंद चालींत व सपाट रस्त्यावरही जाऊं लागलें, तर जास्तीचें पेट्रोल न जळतां किंवा अर्धवट जळून बाहेर पडतें.

हें मिश्रण जमविण्याची युक्ति ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्यास नवी नाहीं. ठिबकाच्या नळींत मध्यें अरुंद केलेली व्हेंचुरी बसवितात; त्या अरुंद गळ्यांतून पाणी वेगानें जातें, तेथें दाब उतरतो, आणि बादलींतील विरघळलेलें खत आपोआप ओढलें जातें. कार्बुरेटरांत पाण्याच्या जागीं हवा व खताच्या जागीं पेट्रोल असतें, इतकाच फरक. बादलीच्या जागीं एक लहान कुंडी असते. तींत फ्लोट तरंगत असतो, आणि पेट्रोल ठराविक पातळीस आलें कीं तो वर चढून सुईच्या झडपेनें वाट बंद करितो. पाण्याच्या टाकीवरील गोळ्याची तोटी जें करिते तेंच हा फ्लोट करितो. कुंडींतून पेट्रोल जेट नांवाच्या बारीक छिद्रांतून मोजून गळ्यांत जातें. भरधांव चालीसाठीं मुख्य जेट व मंद चालीसाठीं निराळें लहान जेट असतें. जो स्क्रू मिस्त्री फिरवितो तो ह्या मंद चालीच्या वाटेवरचा असतो. भरधांव चालींत त्याचा परिणाम नाममात्र असतो. म्हणूनच मूळ दोष फ्लोटांत किंवा मुख्य जेटांत असल्यास स्क्रू कितीही फिरविला तरी पेट्रोलाचा खप कमी होत नाहीं.

लक्षणें

प्रथम धुराचा रंग पाहावा. काळा धूर पेट्रोलाचा, निळा धूर जळणाऱ्या तेलाचा, आणि सकाळच्या थंडींत दिसणारा पांढरा धूर बहुधा नुसत्या वाफेचा. निळ्या धुरावर कार्बुरेटरचा कांहीं उपाय चालत नाहीं. नंतर प्लग काढून पाहावे. मिश्रण ठीक असल्यास प्लगचें टोंक खारकेच्या रंगाचें दिसतें. दाट असल्यास त्यावर कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी धरते. काजळी ओली व तेलकट असेल तर दोष पिस्टनच्या रिंगांकडे शोधावा. तिसरें लक्षण फार खात्रीचें आहे: गाडी थंड असतां उत्तम चालते, आणि जसजशी तापते तसतशी बिघडत जाते. थंड इंजिनास दाट मिश्रण हवेंच असतें, म्हणून त्या वेळीं दोष झांकला जातो.

आणखी एक परीक्षा घरच्याघरीं करण्यासारखी आहे. गाडी तापवून मंद चालू ठेवावी, आणि पंपाकडून कार्बुरेटरकडे येणारी रबरी नळी हलकेंच दाबून धरावी. कुंडींतील पेट्रोल हळूहळू उतरूं लागेल. बंद पडण्यापूर्वीं कांहीं क्षण इंजिन जर आधींपेक्षां अधिक नितळ व वेगानें चालूं लागलें, तर मिश्रण दाट होतें ह्याबद्दल शंका नको. नळी जुनी व कडक झालेली असल्यास ती आधीं बदलावी. चिरलेल्या नळीवर हा प्रयोग करूं नये.

तोटा किती?

समजा, लिटरास बारा किलोमीटर जाणारी गाडी नऊवर आली. वर्षांत सहा हजार किलोमीटर फिरणें झाल्यास पांचशें लिटरांऐवजीं सुमारें ६६७ लिटर पेट्रोल लागेल. लिटरास शंभर रुपये धरले तरी वर्षाकांठीं १६,७०० रुपये धुरावाटे गेले. परंतु हा तोटा लहानच समजावा. न जळलेलें पेट्रोल नळ्यांच्या भिंतींवरील तेल धुऊन काढतें आणि खालीं उतरून इंजिनाच्या तेलांत मिसळतें. तेल पातळ होतें, त्यास पेट्रोलाचा वास येतो, आणि कधीं कधीं तेल न घालतांच काठीवरील खूण वर सरकलेली दिसते. अशा तेलावर गाडी चालत राहिली कीं रिंगा, नळ्या व बेअरिंगें झिजतात, आणि सारें इंजिन उतरविण्याची पाळी येते. म्हणून तेलाची काठी वर सरकलेली दिसल्यास आनंद न मानतां तेल तत्काळ बदलावें. दोष पंपाचा फाटलेला पडदाही असूं शकतो. तोही त्याच वेळीं पाहावा.

तपासणीचा क्रम

तपासणींत क्रम सोडूं नये, हेंच आमचें मुख्य सांगणें आहे. आधीं ठिणगी, मग हवा, मग चोक, मग फ्लोट, मग जेट, आणि सर्वांच्या शेवटीं स्क्रू.

ठिणगी आधीं पाहण्याचें कारण असें कीं, ती दुबळी असल्यास योग्य मिश्रणही पुरतें जळत नाहीं, आणि प्लग काळे पडतात. पॉइंट झिजले असल्यास बदलावे, पॉइंटाचें व प्लगचें अंतर गाडीच्या पुस्तकांत दिल्याप्रमाणें ठेवावें, आणि ठिणगीची वेळ जमवून घ्यावी. त्यानंतर एअर फिल्टर उघडावा. खडीच्या रस्त्यावर व मळणीच्या दिवसांत तो लवकर भरतो. वाट अडली कीं हवा कमी व पेट्रोलाची ओढ अधिक होते. क्षणभर फिल्टर काढून गाडी सुरू करून पाहिल्यास फरक कळतो. परंतु फिल्टरावांचून गाडी चालवूं नये, कारण धुळीनें इंजिनाचें होणारें नुकसान पेट्रोलाच्या खर्चाहून फार मोठें आहे.

चोकची गोष्ट क्षुल्लक दिसते, पण निम्मी प्रकरणें येथेंच मिटण्यासारखीं असतात. बटण आंत ढकललें म्हणजे चोक बंद झाला असें नव्हे. तार गंजली किंवा आंखूड बसली असल्यास दुसऱ्या टोंकास तो किंचित् उघडाच राहतो. सोलेक्सच्या पुष्कळ कार्बुरेटरांत गळ्यावरील पाळीऐवजीं थंड इंजिनासाठीं पेट्रोलाची एक निराळी वाट असते, व ती एका चकतीनें उघडते-मिटते. ती चकती झिजली किंवा पुरती मिटली नाहीं तर पेट्रोल अखंड झिरपत राहतें. बॉनेट उघडून, कोणास तरी बटण ओढावयास सांगून, तरफ आपल्या डोळ्यांनीं ठिकाणीं परतलेली पाहावी.

आतां फ्लोट. गाडी बंद केल्यावर फिल्टर काढून गळ्यांत पाहावें. नळींतून पेट्रोलाचे थेंब पडत असतील तर कुंडी भरून वाहते आहे. ह्याचीं कारणें चार: सुईची झडप झिजली, तीखालीं कचरा अडकला, फ्लोटास छिद्र पडून तो जड झाला, किंवा पातळी चुकीची ठेवली गेली. पितळी फ्लोट कानाजवळ हालवून पाहावा. आंत पेट्रोल असल्यास वाजतो. गरम पाण्यांत बुडविल्यास छिद्रांतून बुडबुडे निघतात. मात्र पाणी चुलीवरून उतरवून दूर आणलेलें असावें. झडप झांकणांत बसविलेली असते व तिच्याखालीं एक वॉशर असतो. जाड वॉशर घातल्यास झडप खालीं येते, लवकर मिटते व पातळी उतरते. पातळ वॉशर घातल्यास पातळी चढते. कित्येकदां दुरुस्तींत हा वॉशर हरवतो आणि मिळेल तो बसविला जातो. पातळी थोडी जरी चढली तरी प्रत्येक चालींत मिश्रण दाट होतें, हें लक्षांत ठेवावें.

इथेनॉल व जुना कार्बुरेटर

येथें आमच्या ऊस पिकविणाऱ्या वाचकांचा निकटचा संबंध येतो. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें सरासरी प्रमाण देशांत जून २०२२ मध्यें शेंकडा दहावर पोंचलें, वीस टक्क्यांचें पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीस आलें, आणि २०२५ सालीं तें सर्वत्र रूढ झालें. उसाचा रस, मळी, मका व तुटका तांदूळ ह्यांपासून हें इथेनॉल होतें. म्हणजे आपल्याच शेतांतील माल आपल्या गाडीच्या टांकींत परत येतो.

इथेनॉलच्या घडणींत प्राणवायु असल्यामुळें त्यास जळण्यास हवा कमी पुरते: एका भागास सुमारें नऊच भाग. वीस टक्के मिश्रणास साडेतेरा भाग पुरतात. जुन्या जेटास ह्याची जाणीव नसते; तें पूर्वींइतकेंच द्रव सोडतें. हिशोबानें मिश्रण सुमारें आठ टक्के पातळ व्हावयास पाहिजे. मग ह्याच दिवसांत कित्येक जुन्या गाड्या उलट काळा धूर कां सोडूं लागतात?

कारण इथेनॉलचे दुसरेही गुण आहेत. टांकींत व नळ्यांत वर्षानुवर्षें बसलेला राळेसारखा मळ तें सैल करितें, आणि तो मळ वाहत येऊन सुईच्या झडपेखालीं अडकतो. जुन्या जातीचें रबर त्यानें फुगतें किंवा कडक होतें. पंपाचा पडदा व नळ्या त्यामुळें निकामी होतात, आणि नळीच्या आंतील बारीक कण पुन्हां त्याच झडपेकडे येतात. शिवाय तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. वांद्र्यासारख्या ठिकाणीं पावसाळाभर गाडी अर्ध्या टांकीवर उभी राहिली, तर पाणी खालीं बसतें, लोखंडी टांकी गंजते आणि कुंडीच्या धातूवर पांढरी भुकटी धरते. ह्या सर्वांचा शेवट एकच: झडप पुरती मिटत नाहीं व कुंडी वाहूं लागते. मिश्रण रसायनाच्या हिशोबानें पातळ, परंतु झडपेच्या दोषानें दाट, अशी ही विचित्र स्थिति आहे.

इथेनॉलपासून ऊस-उत्पादकांचा लाभ आहे म्हणून हें झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. तसेंच सर्व दोष इथेनॉलवर ढकलणेंही न्यायाचें नाहीं. उपाय सोपे व स्वस्त आहेत. इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नव्या नळ्या व पंपाचा नवा पडदा बसवावा, टांकी एकदां उतरवून धुवावी, पंपाच्या अलीकडे एक पारदर्शक गाळणी घालावी, आणि पहिल्या कांहीं महिन्यांत ती वारंवार पाहून बदलावी. गाडी दीर्घकाळ उभी करावयाची असल्यास कुंडी रिकामी करून ठेवावी.

जेट बदलण्यापूर्वीं

जेटावरील आंकडा बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत छिद्राचा व्यास दाखवितो. ११५ च्या जागीं १२० बसविलें तर फरक अल्प दिसतो, परंतु छिद्राचें क्षेत्रफळ सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. तार घालून जेट साफ करण्याची चाल ह्याचसाठीं वाईट आहे. पितळ मऊ असतें. चार वेळां तार घातली कीं आंकडा जुनाच राहतो व छिद्र मोठें होतें. जेट पेट्रोलानें धुऊन हवेच्या फुंकरीनेंच साफ करावें, आणि छिद्राविषयीं शंका असल्यास त्याच आंकड्याचें नवें आणावें.

उंचीचाही विचार करावा. वांद्र्याहून गोव्याच्या रस्त्यानें पोलादपूर व तेथून आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास गेलें, तर एकाच दिवसांत गाडी समुद्रसपाटीवरून सुमारें १,३७० मीटर चढते. तेथें हवा जवळजवळ तेरा टक्के विरळ असते, आणि कार्बुरेटरचें मिश्रण त्यामुळें सुमारें सात टक्के दाट होतें. पुण्यास हाच परिणाम तीन टक्क्यांच्या आंत असतो. म्हणून समुद्रकांठीं नीट चालणारी गाडी महाबळेश्वरास किंचित् जड वाटली तर तो बिघाड नव्हे. तेथें मिस्त्रीच्या हातीं ती देऊं नये. उलट बाजू अधिक धोक्याची आहे. घाटमाथ्यावर जेट लहान करून मिश्रण पातळ केलेली गाडी वांद्र्याच्या उकाड्यांत उतरली, आणि त्यांत वीस टक्क्यांचें पेट्रोल पडलें, म्हणजे मिश्रण फारच पातळ होतें. इंजिन तापतें, ओढ जाते, चढणीवर खडखडतें, आणि व्हॉल्व्ह जळण्याचा संभव असतो. दाट मिश्रण इंजिनास हळूहळू झिजवितें, तर अति पातळ मिश्रण त्याचें नुकसान फार लवकर करितें.

ह्यावरून एक नियम निघतो. दाटपणाचें कारण सांपडल्यावांचून जेट लहान करूं नये. झडप वाहत असतां लहान जेट घातलें, तर दोन दोष एकमेकांस कांहीं काळ झांकून ठेवतात. आणि पुढें कोणी झडप दुरुस्त केली कीं त्याच दिवसापासून गाडी पातळ चालूं लागते.

शेवटीं स्क्रू

वरील सर्व पाहून झाल्यावरच स्क्रूस हात लावावा. इंजिन पुरतें तापलेलें असावें व चोक मिटलेला असावा. गाडी बंद असतां मिश्रणाचा स्क्रू बोटांनीं हलकेंच आंत टेंकवावा, दाबूं नये, आणि दीड फेरा बाहेर घ्यावा. गाडी सुरू करून तो अंशाअंशानें आंतबाहेर फिरवीत इंजिन सर्वांत वेगानें व समान चालेल ती जागा शोधावी. मग वेगाचा दुसरा स्क्रू सैल करून चाल खालीं आणावी, आणि पहिला पुन्हां जमवावा. दोन-तीन वेळां असें केल्यावर मिश्रणाचा स्क्रू वेग जेमतेम उतरूं लागेपर्यंत आंत घेऊन सोडून द्यावा. सोलेक्सांत हा स्क्रू आंत घेतल्यानें मिश्रण पातळ होतें; परंतु कांहीं कार्बुरेटरांत स्क्रू हवेच्या वाटेवर असतो, तेथें उलटें घडतें. म्हणून आधीं आपला कार्बुरेटर ओळखावा.

स्क्रू पुरता आंत टेंकवूनही इंजिन बंद पडत नसेल, तर पेट्रोल दुसऱ्याच वाटेनें येत आहे असें निश्चित समजावें, आणि मागें जाऊन चोक व फ्लोट पुन्हां पाहावे. काम झाल्यावर प्रदूषण तपासणीच्या केंद्रावर जाऊन नुसता दाखला न घेतां आंकडाही विचारावा. भारत स्टेज दोनच्या पूर्वींच्या चारचाकी पेट्रोल गाडीस मंद चालींत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा शेंकडा तीन आहे. तेथील यंत्र म्हणजे आपल्या कामाची अल्प खर्चांत मिळणारी परीक्षाच होय. पन्नास वर्षें उलटलेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीस २०२१ च्या नियमांनीं निराळ्या नोंदणीची सोय झाली आहे; अशा गाडीस परका कार्बुरेटर न जोडतां मूळचाच दुरुस्त करणें सर्वतोपरी श्रेयस्कर.

सावधगिरीचे दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हें काम मोकळ्या जागेंत करावें, गोठ्यांत किंवा बंद कोठींत नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं व वासही नाहीं, आणि दाट चालणाऱ्या गाडीच्या धुरांत तो विपुल असतो. कुंडी उघडण्यापूर्वीं बॅटरीची तार काढावी, आणि विडीकाडी ओढणाऱ्यास जवळ येऊं देऊं नये.

आपण पिकाचें पान पिवळें पडलें कीं लगेच खताचें पोतें फोडीत नाहीं. आधीं मुळाशीं पाणी सांचलें आहे काय, कीड आहे काय, हें पाहतों. गाडीसही तोच न्याय लावावा. एक लहान वही गाडींतच ठेवून भरलेलें पेट्रोल, चाललेले किलोमीटर, बदललेला भाग व जेटाचा आंकडा तींत लिहीत जावें. मिस्त्री बदलले तरी वही राहते, आणि पुढील मिस्त्रीस गाडी सोंपवितांना ती प्रथम त्याच्या हातीं द्यावी.